हिरव्या पाण्याचा तिसरा कारखाना

“माझ्या कारखान्याचं सांडपाणी मी तुमच्यासमोर पिऊन दाखवतो. घटाघटा. आणि वर ढेकर देतो!”

सांडपाणी साफ करणाऱ्या नव्या यंत्राच्या उद्घाटनाला सत्यम वल्लालने हे माइकवर सांगितलं तेव्हा मांडवात सगळं सोलापूर नसलं, तरी सोलापुरातले कापड रंगवणारे झाडून सगळे होते. पहिल्या रांगेत राजय्या कोंडा बसला होता. राजय्याचाही रंगाचाच कारखाना होता, आणि त्याच्या विनयशी सत्यमच्या लावण्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे होणारा व्याही. अशा माणसासमोर साधं पाणी पिऊन कसं भागेल?

सत्यमने मागे हात केला. कुणीतरी पेला दिला. यंत्राच्या नळाखाली तो भरला, उंच धरला, कॅमेऱ्यांना दाखवला आणि खरंच घटाघटा प्यायला. मग हसला.

दात निळे होते. जीभ निळी. ओठांच्या कडेला मोरपंखी.

यंत्राचा काही दोष नव्हता. पेला रंगखात्यातला होता. सकाळी त्याच पेल्यानं कुणीतरी फिरोजी रंगाची पूड मापली होती, आणि रंगखात्यात पेला विसळायचा नसतो, झटकायचा असतो, ही तीन पिढ्यांची रीत. पण हे ऐकायला कोण थांबतंय? दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर सत्यमचं निळं हसू फिरत होतं. राजय्याने ते स्वतः चार जणांना पाठवलं आणि खाली लिहिलं, “व्याह्यांचं यंत्र.”

*

यंत्र लावण्याने बनवलं होतं. पोरीनं रसायनशास्त्रात शिक्षण घेतलं, पुण्याची नोकरी नाकारली आणि बापाच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये शेंगांच्या टरफलांचा ढीग घालून बसली. सोलापूर शेंगांच्या चटणीचं गाव. दाणे कुटले जातात, टरफलं जाळली जातात. तिनं ती जाळली नाहीत. बंद भट्टीत हवा न लागू देता भाजली, मग लिंबातल्या आम्लात भिजवून वाळवली.

“अप्पा, असं समजा,” तिनं बापाला पहिल्यांदा समजावलं होतं, “भाजलेलं टरफल म्हणजे मधमाश्यांचं पोळं. भोकंच भोकं. आणि आम्लानं त्या भोकांच्या भिंतींवर आकडे येतात. रंगाचे कण पाण्याबरोबर जाताना त्या आकड्यांना अडकतात. धोतराला कुसळं अडकतात ना, तसे. पाणी पुढं जातं, रंग मागं राहतो.”

“आणि सगळे आकडे भरले की?”

“टरफल बदलायचं. भरलेलं परत भट्टीत घालायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. हे करायला मला सहा वर्षं लागली.”

आणि यंत्र चाललं. पुढं ते इतकं चाललं की सरकारने प्रत्येक रंगाच्या कारखान्याला सक्तीचं केलं. मग व्हायचं ते झालं. टरफलांचा भाव चढला. शेतकरी शेंगा फोडून टरफलं विकायला लागले आणि दाण्यांचं काय करायचं ते कळेना. बाजारात टरफलांच्या पोत्याबरोबर दाणे फुकट मिळायला लागले, तेही न्यायला माणूस मिळेना. एका नगरसेवकाने रस्त्याकडेला पडलेल्या दाण्यांच्या ढिगांबद्दल मोर्चा काढला. चटणीवाले घरोघरी जाऊन चटणी वाटत होते आणि लोक दार उघडत नव्हते.

पण हे पुढचं. आपण निळ्या दातांपाशी आहोत.

*

त्या भागात दोन ओढे आहेत. एक सत्यमच्या कारखान्यामागून येतो, एक राजय्याच्या. दोन्ही नागनाथ हत्तुरेच्या चहाच्या टपरीसमोर, पुलाखाली एकत्र येतात. आणि तिथली एक जुनी रीत अशी, की सकाळी चहा पिता पिता सगळे ओढा वाचतात. पेपर कुणी वाचत नाही. सत्यमच्या ओढ्यात लाल आलं की नागनाथ म्हणणार, “वल्लालशेठला लग्नाच्या साड्यांचं काम लागलं बघा.” राजय्याच्या ओढ्यात काळं आलं की, “कोंडाशेठनं शाळेच्या बुटांच्या नाड्या घेतल्याव.” सूतवाला ओढा बघून सूत देतो. कामगार ओढा बघून दिवाळीचा विचार करतो. मुलीचा बाप स्थळ बघायला आला की आधी ओढा बघतो, मग घर.

यंत्र सुरू झाल्यापासून सत्यमच्या ओढ्यात नितळ पाणी यायला लागलं. तळाचे दगड दिसायला लागले. कुणाची तरी हरवलेली चप्पलही दिसली.

पहिल्या दिवशी नागनाथनं टपरीतूनच मान उंच करून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुलावरून वाकून बघितलं. तिसऱ्या दिवशी सत्यम चहाला आला तर बाकावरचे लोक जरा सरकून बसले, आजारी माणसाला जागा देतात तसे.

“शेठ, तब्येत बरी हाय न्हवं?” नागनाथनं विचारलं.

“मला काय झालंय?”

“न्हाई, ओढा लई साफ दिसालाय.”

“अरे, यंत्र बसवलंय की! पोरीनं!”

“व्हय व्हय. यंत्र.” नागनाथनं त्याच्या दातांकडं बघितलं. “बिस्कूट घ्या की. पैशाचं काय नाय, घ्या.”

पाणी नितळ झालं ते यंत्रामुळं, हे एकालाही पटत नव्हतं, कारण यंत्राचं पाणी पिऊन काय होतं ते सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. मग नितळ पाण्याचा अर्थ एकच. काम बंद. वल्लाल बसला.

संध्याकाळी राजय्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

“सत्यमभाऊ, सगळं ठीक ना? काही अडचण असली तर सांगायची. आपण काय परके आहोत का? लग्नाचं काय, घाई नाही. पुढच्या वर्षीही मुहूर्त असतात.”

सत्यमने फोन ठेवला. आत लावण्या विनयशी फोनवर हसत होती. असं ती एरवी कुणाशी हसत नसे, टरफलांशी तर नाहीच.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे सत्यमने बर्फगोळेवाल्याकडून खाण्याचा निळा रंग आणला आणि कारखान्यामागं, यंत्राच्या नळाच्या चार पावलं खाली, ओढ्यात ओतला. खरा रंग ओतायला हात धजेना. पोरीनं सहा वर्षं घालवलीत, तिच्याशी एवढी तरी इमानदारी नको का?

सात वाजता पुलाखालून झकास निळं पाणी गेलं. नागनाथ उभाच राहिला.

“वल्लालशेठ! काम आलं काय?”

“आलं की,” सत्यम म्हणाला. “विमानातल्या हवाईसुंदऱ्यांच्या साड्या. सगळ्या निळ्या.”

दुपारी राजय्याचा फोन. आवाज खणखणीत. “मग, कधी येऊ मुहूर्त काढायला?”

बरं वाटलं. पण खोट्या रंगाचं खऱ्या रंगापेक्षा वाईट असतं, तो रोज ओतावा लागतो. सत्यम रोज पहाटे उठायला लागला. बोटं निळी राहायला लागली. बायको नागमणी त्याच्याकडं बघायची आणि काही बोलायची नाही, आणि नागमणी बोलली नाही म्हणजे ती पुरावा गोळा करतीय. एके दिवशी तिनं त्याच्या खिशातून गोळेवाल्याची पुडी काढून समोर ठेवली.

“डॉक्टरांनी साखर बंद केलीय तुमची. आणि तुम्ही पहाटे चोरून गोळा खाताय?”

खरं सांगितलं तर ते लावण्याकडं जाणार.

“चुकलो,” तो म्हणाला.

“निळाच का पण? या वयात?”

त्या दिवसापासून नागमणीने त्याची जेवणातली भाकरी अर्धी केली.

हेही त्यानं सोसलं असतं. पण लावण्या वाळायला लागली. यंत्राच्या नळाला पाणी नितळ, पुलाखाली निळं, म्हणजे मधे कुठंतरी गळतंय, असं तिला वाटलं. तिनं यंत्र खोलून बघितलं. टरफलं बदलली. भट्टी बदलली. शेंगावाल्याशी भांडून आली, की तुमच्या टरफलांत दम नाही. तो म्हणाला, “ताई, आमच्या टरफलांना आजपर्यंत कुणी नाव ठेवलेलं नाही.”

रात्रीच्या जेवणात ती म्हणाली, “अप्पा, मी यंत्र बंद करते. माझं काहीतरी चुकलंय.”

सत्यमने ती अर्धी भाकरीही ताटात ठेवली. आता सांगावं तर विनय जातो. न सांगावं तर पोरीचा स्वतःवरचा विश्वास जातो.

“थोडं थांब,” एवढंच तो म्हणाला. “लग्न होऊ दे.”

“लग्नाचा आणि गळतीचा काय संबंध?” लावण्यानं विचारलं, आणि बापाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

*

इकडं सत्यमला दुसराच संशय आला. राजय्याच्या ओढ्यात रोज पिवळं पाणी यायला लागलं होतं. रोज. तसंच पिवळं. एवढं पिवळं कापड घेतंय कोण? आणि तेही बरोबर सातला, चहाच्या वेळी?

पण व्याह्याला विचारायचं कसं? विचारलं असतं तर त्यानं उलटं विचारलं असतं, की एवढ्या हवाईसुंदऱ्या कुठून आल्या.

त्याच आठवड्यात सरकारची बदकं आली. प्लॅस्टिकची, पांढरी, पोटात यंत्र असलेली. पाण्यावर तरंगत रंग मापायचा, आणि रंग कुठून सुरू होतो ते शोधायचं. दिसायला इतकी खरी, की ओढ्यातला एक खरा नर बदक त्यातल्या एकीमागं दोन दिवस उपाशी फिरला. ठेका पुलापर्यंतचाच होता, त्यामुळं बदकं खालून पुलापर्यंतच यायची. पुलाच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघणं त्यांच्या कामात नव्हतं.

निळं आणि पिवळं पुलाखाली एकत्र येऊन हिरवं होत होतं. बदकांना हिरवं दिसलं. हिरवं पुलाखाली सुरू होतं. पुलाशी एकच दुकान.

ओढा निरीक्षण कक्षाचे करपेसाहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी नागनाथच्या टपरीला सील लावलं.

“आवो साहेब, म्या चहा इकतो!”

“बदक म्हणतंय इथं हिरव्या रंगाचा कारखाना आहे. बिनपरवान्याचा.”

“निळं नि पिवळं मिसळलं की हिरवं हुतंय साहेब! बालवाडीतली पोरं सांगतीली!”

“निळं कुठंय?” करपेसाहेबांनी शांतपणे विचारलं. “वल्लालांकडं यंत्र आहे. आमचं प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडं, पाणी नितळ. कोंडांनीही मागच्या महिन्यात यंत्र बसवलंय. त्यांचंही प्रमाणपत्र आहे. म्हणजे निळं नाही आणि पिवळंही नाही. राहिलं काय? हिरवं. ते तुमचं.”

“आवो, पुलावर येऊन खाली वाकून बघा की! दिसालंय की डोळ्याला!”

“डोळ्याचं प्रमाणपत्र नसतं,” करपेसाहेब म्हणाले आणि निघून गेले.

नागनाथ तडक सत्यमच्या घरी आला. नेमकी तीच संध्याकाळ मुहूर्ताच्या बोलणीची. राजय्या आणि विनय दिवाणखान्यात बसले होते, समोर चिवडा, नागमणी चहा देत होती. नागनाथ दारातच उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. करपेसाहेबांचं कोंडांच्या यंत्राबद्दलचं वाक्यसुद्धा.

“तुम्ही यंत्र बसवलं?” सत्यमनं राजय्याला विचारलं.

“सक्ती होती,” राजय्या चिवड्याकडं बघत म्हणाला. “सांगायचं राहिलं.”

“माझ्या निळ्या दातांचा फोटो गावभर पाठवून?”

“तो आधीचा.”

“मग तुमचं पिवळं कुठून येतंय?”

“तुमचं निळं कुठून येतंय?”

दोघं एकमेकांकडं असे बघत राहिले, की नागमणीने बशी मधून उचलून घेतली.

लावण्या उठली. स्वयंपाकघरातून चटणीची उंच काचेची बरणी आणली, तळाला छिद्र पाडलेली, प्रयोगासाठी तिनं ती कधीच पळवली होती. तिच्यात भाजलेल्या टरफलांची चिमूटभर पूड मिसळलेली पांढरी वाळू भरली. नागनाथला म्हणाली, “मामा, पुलाखालचं पाणी आणलंय?”

“पुरावा म्हणून बाटली भरूनच आणलीय.”

तिनं हिरवं पाणी वरून ओतलं आणि मग थोडं थोडं साधं पाणी सोडत राहिली. सगळे बरणीकडं बघत होते. हिरवा पट्टा सावकाश खाली सरकायला लागला. सरकता सरकता फाटला. पिवळा पुढं गेला, निळा मागं रेंगाळला. मधे वाळूचा पांढरा पट्टा.

“प्रत्येक रंग टरफलाला वेगवेगळ्या जोरानं धरून बसतो,” लावण्या म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा शांत होता आणि म्हणूनच सत्यमला भीती वाटली. “ज्याची पकड सैल तो लवकर सुटतो. त्यामुळं मिसळलेले रंग वेगळे होतात. म्हणजे तिसरा कारखाना नाही. एक निळा, एक पिवळा.”

“झालं तर मग,” राजय्या उठायला लागला.

“बसा मामा. अजून आहे. आपण कापडाला लावतो तो रंग या टरफलावर पडला की वरच्या थरातच चिकटतो. हलत नाही. मी सहा वर्षं तेच बघतीय. हे दोन्ही रंग चालतायत. म्हणजे हे कापडाचे नाहीतच. हे खाण्याचे आहेत.”

मग नागमणीच्या हातातली बशी खणकन वाजली.

“म्हणजे तुम्ही गोळा खातच नव्हता?”

सत्यमने मान खाली घातली. राजय्याकडं बघितलं तर तोही मान खाली घालून बसलेला, आणि त्याच्या नखांच्या कडा जिलेबीसारख्या पिवळ्या.

“माझा ओढाही नितळ झाला हो,” राजय्या हळूच म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही बघाल, म्हणाल कोंडा बसला. तुमचं निळं एवढं जोरात येत होतं...”

“मला वाटलं तुम्ही लग्न मोडाल.”

“मला वाटलं तुम्ही मोडाल!”

विनय म्हणाला, “आम्हाला कुणी विचारलंच नाही.”

लावण्या हसली नाही. ती बापासमोर येऊन उभी राहिली. “अप्पा, मी तीन वेळा यंत्र खोललं. शेंगावाल्याला तोंडाला येईल ते बोलले. मला वाटलं, मला काही येतच नाही. आणि तुम्ही रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होता.”

सत्यम म्हणाला, “तुझं यंत्र चांगलं आहे गं. फार चांगलं आहे. तेच तर झालं ना.”

तिनं बरणी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “उद्या दोघं जाऊन साहेबांना सांगायचं. नागनाथमामांचं दुकान उघडल्याशिवाय मुहूर्त नाही.”

*

दोन्ही व्याही दुसऱ्या दिवशी करपेसाहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अडचण अशी आहे,” ते म्हणाले, “की हिरवा कारखाना आमच्या संगणकात चढलाय. जो कारखाना आहे तो बंद करता येतो. जो नाहीच तो बंद कसा करणार? त्यासाठी तो आधी सुरू असावा लागतो.”

“मग?”

“सोपं आहे. आहे असं धरू. नियमात बसवू. यंत्र लावा, सील काढतो.”

नागनाथच्या टपरीत लावण्याने स्वतःच्या हाताने नवंकोरं छोटं यंत्र बसवलं. अट एकच होती, आणि ती नागनाथला तीनदा वाचून दाखवली गेली. दुकानाच्या हद्दीबाहेर जाणारा कुठलाही रंगीत द्रव यंत्रातून गाळूनच गेला पाहिजे. लक्ष ठेवायला दुकानासमोर एक बदक कायमचं बांधलं.

“परत सील नको बाबा,” नागनाथ म्हणाला. “म्या अक्षराला अक्षर पाळणार.”

ओढे नितळ झाले. आता लोक पुलावरून दगड मोजायचे आणि कामधंद्याचा अंदाज एकमेकांच्या चपलांवरून बांधायचे.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मांडव पुलाच्या पलीकडं होता. झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून पाहुण्यांच्या चहाचं सगळं काम सत्यमने नागनाथला दिलं होतं. नागनाथने दुकानात मोठ्या पातेल्यांत, आलं-वेलदोडा घालून चहा केला. दुकानाच्या हद्दीबाहेर नेण्याआधी नियमाप्रमाणे यंत्रातून गाळला. टरफलांनी पत्तीचा रंग, दूध, आलं, वेलदोडा सगळं ठेवून घेतलं. कोंडांकडच्या आठशे पाहुण्यांना पेल्यातून गरम नितळ पाणी मिळालं. पेल्याचा तळ दिसत होता. वल्लाल बसला, असं मांडवात पसरलं. साखर बरोबर होती.